घड्याळ बोलते हृदयाचे, धोका मात्र मेंदूला

मनगटावरच्या स्मार्टवॉचने थरथरून 'तुमच्या हृदयाची लय अनियमित दिसते आहे' असा निरोप द्यावा, आणि तो वाचणाऱ्याला त्या क्षणी ना छातीत दुखत असावे, ना धाप लागलेली असावी, हा प्रसंग आता विरळा राहिलेला नाही. पुढचे बहुधा ठरल्यासारखे घडते. तो माणूस हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो, कार्डिओग्राम निघतो, आणि औषधांच्या चिठ्ठीवर सगळ्यात वर जी गोळी येते ती रक्ताची गुठळी होऊ न देणारी असते. ती कशासाठी, असे विचारले की उत्तर मिळते, पक्षाघात टाळण्यासाठी. बिघाड हृदयात, औषध रक्तावर आणि काळजी मेंदूची, हे गणित पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जुळत नाही. ते जुळवून पाहणे एवढाच या लेखाचा विषय आहे.

### ठोका पडतो कसा

हृदयाचे चार कप्पे असतात: वरचे दोन अलिंद आणि खालचे दोन निलय. जुन्या पाठ्यपुस्तकांत यांनाच कर्णिका आणि जवनिका म्हणत. त्यातल्या 'कर्णिका' शब्दातला कान पुढे आपल्या कामी येणार आहे. उजव्या अलिंदाच्या वरच्या अंगाला पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. प्रत्येक ठोक्याचा विजेचा इशारा तिथून निघतो, दोन्ही अलिंदांवर पसरतो, आणि वरच्या व खालच्या कप्प्यांमधल्या एका गाठीपाशी येऊन क्षणभर थांबतो. ही गाठ म्हणजे दारावरचा पहारेकरी आहे. अलिंदांतले रक्त खाली उतरेपर्यंत ती इशारा अडवून धरते आणि मगच निलयांकडे सोडते.

जड शिळा हलवताना एकजण आरोळी देतो आणि त्या आरोळीवर सगळे एकदम जोर लावतात, म्हणून शिळा हलते. अलिंदांच्या स्नायूचेही तसेच आहे. आता कल्पना करा की आरोळी देणारे शंभर जण झाले आणि ज्याने त्याने आपल्याच आरोळीवर जोर लावला. धडपड तेवढीच होईल, किंबहुना जास्तच होईल, पण शिळा जागची हलणार नाही. अलिंदांची ही अवस्था म्हणजेच एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टरांच्या बोलण्यात नुसते 'ए-फिब'. आपण त्याला अलिंदकंप म्हणू. या अवस्थेत अलिंदांत मिनिटाला साधारण ३५० ते ६०० इशारे उसळतात, त्यामुळे अलिंद आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. हे बंडखोर इशारे पुष्कळदा अलिंदातून निघतच नाहीत, तर फुप्फुसांकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उठतात, हे मिशेल हैसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये १९९८ साली दाखवून दिले.

पहारेकरी गाठ या गोंधळातले बरेचसे इशारे अडवते, पण जे सोडते ते कोणत्याही क्रमाने सोडत नाही. म्हणून नाडी केवळ वेगवान होत नाही, ती बेभरवशाची होते. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला बोटे ठेवून पाहिले तर हे हाताला कळते. दोन ठोके लगोलग येतात, मग पोकळ जागा जाते, मग एक जोरकस ठोका येतो, आणि त्यानंतरचा इतका दुबळा असतो की छातीवर ऐकू येतो पण बोटांपर्यंत पोहोचत नाही. मधूनच एखादा ठोका चुकणे वेगळे. ते निरोगी माणसातही होते आणि त्याला काही तरी ताल असतो. अलिंदकंपात पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाजच बांधता येत नाही. कार्डिओग्रामच्या कागदावर उंच टोकांमधली अंतरे कमी-जास्त होतात आणि प्रत्येक टोकाच्या आधी दिसणारा लहानसा उंचवटा, म्हणजे अलिंदांच्या आकुंचनाची खूण, नाहीशी होऊन तिथे नुसती वेडीवाकडी थरथर उरते. कार्डिओग्रामच्या शोधासाठी विलेम आइन्थोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच यंत्राच्या आधारे थॉमस लुईस यांनी १९०९ मध्ये हा कंप नेहमी आढळणारा आजार असल्याचे दाखवले होते.

इतके होऊनही माणूस चालतो, बोलतो, जिना चढतो, कारण रक्त शरीरभर ढकलण्याचे मुख्य काम निलयांचे आहे आणि ते चालूच असते. काहींना धडधड जाणवते, काहींना लवकर थकवा येतो, आणि अनेकांना काहीच कळत नाही. धोका आहे तो वरच्या कप्प्यात थबकणाऱ्या रक्तात.

### वाहते थांबले की गोठते

वाहत्या ओढ्यात काडीकचरा टिकत नाही. तो साचतो ते काठाच्या एखाद्या खोबणीत, जिथे पाणी गोल फिरते पण पुढे सरकत नाही. डाव्या अलिंदाला अशी एक खोबण जन्मतःच असते. अलिंदाच्या भिंतीतून बाहेर डोकावणारी ही पिशवी कानाच्या पाळीसारखी दिसते. इंग्रजी-लॅटिन परंपरेत अलिंदाचे जुने नाव कानावरूनच पडले, आणि आपल्या 'कर्णिका' शब्दातही तो कान तसाच राहिला. अलिंद जोराने आकुंचन पावत असतात तोवर ही पिशवी दर ठोक्याला रिकामी होते. कंप सुरू झाला की तिच्यातले रक्त घुटमळत राहते.

प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताचीच गोठण्याकडे ओढ वाढणे, ही गुठळीची तीन कारणे आजही रुडॉल्फ फिर्शो यांच्या नावाने शिकवली जातात; त्यांचे या विषयावरचे लेखन १८५६ चे आहे. अलिंदकंपात पहिले कारण तर उघडच असते, आणि वाढलेले वय, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर उरलेल्या दोन कारणांनाही हातभार लागतो. हृदयाच्या झडपांचा आजार नसलेल्या रुग्णांत डाव्या अलिंदात सापडणाऱ्या गुठळ्यांपैकी सुमारे ९० टक्के या कानासारख्या पिशवीतच सापडतात. सबंध हृदयात धोक्याची जागा अंगठ्याएवढी असावी, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत विलक्षण वाटते.

### तिथून मेंदूपर्यंत

गुठळी सुटली की तिचा मार्ग सरळ आहे. डावे अलिंद, खालचे डावे निलय, तिथून महाधमनी, आणि महाधमनीच्या कमानीवरून मानेकडे चढणाऱ्या धमन्या. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असले तरी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो, म्हणजेच त्याच्याकडे जाणारा रक्ताचा ओघ मोठा असतो. त्या ओघाबरोबर गुठळी वर जाते आणि तिच्यापेक्षा अरुंद वाहिनी लागेल तिथे अडकते. हृदयात तयार झालेली गुठळी बऱ्याचदा मोठी असते, म्हणून ती मोठीच वाहिनी बंद करते आणि मेंदूचा मोठा भाग उपाशी ठेवते. अलिंदकंपामुळे होणारे पक्षाघात इतर पक्षाघातांपेक्षा सरासरीने अधिक गंभीर असतात ते यामुळेच.

डाव्या मेंदूची मोठी वाहिनी बंद झाली तर शरीराची उजवी बाजू लुळी पडते आणि बहुतेकांची वाचाही जाते, कारण भाषेची केंद्रे बहुतेक माणसांत डावीकडे असतात. तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे किंवा असंबद्ध होणे, यांपैकी काहीही अचानक झाले तर घरी वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठायचे असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि मोठी वाहिनी तारेने मोकळी करण्याची सोय निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंत उपयोगी पडत असली तरी प्रत्येक मिनिटाला चेतापेशी मरतच असतात.

### हृदयाच्या अभ्यासात मेंदूचा डॉक्टर

हे नाते आज उघड वाटते, पण ते सिद्ध व्हायला फार वेळ लागला, आणि त्याचे एक कारण वैद्यकाच्या विभागणीत आहे. कंप पाहणारा डॉक्टर एका कक्षात, पक्षाघाताचा रुग्ण दुसऱ्या कक्षात, आणि दोन घटनांमध्ये कधीकधी काही वर्षांचे अंतर. संधिवाती तापाने झडपा अरुंद झालेल्या रुग्णांत गुठळ्या होतात हे माहीत होते, पण झडपा चांगल्या असतील तर नुसता कंप फारसा घातक नाही, असा समज दीर्घकाळ टिकून होता.

तो मोडला अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात. तिथे १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांची ठरावीक काळाने तपासणी होत होती आणि उद्देश होता हृदयविकाराची कारणे शोधण्याचा. फिलिप वुल्फ हे मेंदूविकारतज्ज्ञ या अभ्यासात काम करत असल्यामुळे हृदयाच्या नोंदींशेजारी पक्षाघाताच्या नोंदीही काटेकोरपणे ठेवल्या गेल्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे असे होते: झडपांच्या आजारासह कंप असेल तर पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १७ पट, आणि झडपांचा आजार नसताना नुसता कंप असला तरी ५ पटींहून अधिक. १९९१ च्या त्यांच्या पुढच्या विश्लेषणात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. पन्नाशीतल्या माणसांत होणाऱ्या पक्षाघातांपैकी कंपाच्या माथी मारता येतील असे फक्त १.५ टक्के होते. ऐंशीच्या घरात तेच प्रमाण २३.५ टक्क्यांवर गेले. माणसे जास्त जगू लागली तसा हा आजार मोठा होत गेला तो यामुळे.

### सडलेल्या चाऱ्यातून निघालेले औषध

१९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरे विचित्र रीतीने मरू लागली. शिंगे कापली किंवा किरकोळ जखम झाली तरी रक्त थांबत नसे. दोष बुरशी आलेल्या स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्यात होता. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला, आणि तिथून सुरू झालेल्या शोधाची परिणती वॉरफॅरिनमध्ये झाली. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झाले. 'हे तर उंदराचे विष' ही तक्रार म्हणून ऐतिहासिकदृष्ट्या खोटी नाही, फक्त मात्रेचा विचार तिच्यात राहून गेलेला असतो.

बोलीभाषेत आपण याला 'रक्त पातळ करण्याची गोळी' म्हणतो. रक्त पातळ मुळीच होत नाही. ते गोठण्यासाठी यकृतात जे घटक तयार होतात त्यांना के जीवनसत्त्व लागते, आणि वॉरफॅरिन त्या जीवनसत्त्वाचा पुनर्वापर अडवते. त्यामुळे आहारातल्या हिरव्या पालेभाज्यांचे प्रमाण एकदम बदलले तरी परिणाम बदलतो, आणि म्हणून रक्ताची वारंवार तपासणी करून मात्रा जुळवत राहावी लागते. हा जाच मोठा असला तरी फायदाही तसाच आहे: वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा वॉरफॅरिनने अलिंदकंपातले पक्षाघात सुमारे ६४ टक्क्यांनी कमी केल्याचे दिसले. २००९ पासून डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान ही नवी औषधे चाचण्यांतून पुढे आली. ती गोठण्याच्या साखळीतल्या एकाच दुव्यावर काम करतात, त्यांना वारंवार तपासणी लागत नाही, आणि वॉरफॅरिनच्या तुलनेत मेंदूतला रक्तस्राव त्यांच्यामुळे साधारण निम्मा होतो. मात्र त्यांचा असर लवकर ओसरतो, त्यामुळे वॉरफॅरिनची एखादी गोळी चुकली तर निभावते, तसे यांचे नसते. शिवाय संधिवाती तापाने झडप बरीच अरुंद झाली असेल किंवा धातूची कृत्रिम झडप बसवली असेल, तर आजही वॉरफॅरिनच द्यावे लागते.

गोळी कुणाला द्यायची याचा निर्णय कंप किती जाणवतो यावर होत नाही. हृदयाची दुर्बलता, रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार यांना एकेक गुण, वय ६५ ते ७४ असेल तर एक आणि ७५ किंवा त्याहून जास्त असेल तर दोन, आणि पूर्वी पक्षाघात होऊन गेला असेल तर दोन, अशी बेरीज करून धोका मोजला जातो. पूर्वी स्त्री असण्याचाही एक गुण धरत. युरोपीय मार्गदर्शनाने २०२४ मध्ये तो काढून टाकला.

### 'मग साधी अॅस्पिरिन का नको?'

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्यामागचा तर्क चुकीचा नाही: हृदयविकाराच्या झटक्यात अॅस्पिरिन उपयोगी पडते, मग इथे का नाही? फरक गुठळीच्या जातीत आहे. वेगाने वाहणाऱ्या धमनीत, फाटलेल्या अस्तरावर जी गुठळी धरते ती मुख्यतः प्लेटलेट नावाच्या बारीक रक्तकणिकांच्या थराची असते आणि अॅस्पिरिन या कणिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. थबकलेल्या रक्तात धरणारी गुठळी मात्र प्रामुख्याने फायब्रिन नावाच्या धाग्यांच्या जाळ्याची असते, आणि त्या जाळ्यावर अॅस्पिरिनचा जोर चालत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वॉरफॅरिन घेऊ न शकणाऱ्या रुग्णांना अपिक्साबान किंवा अॅस्पिरिन देऊन पाहिले. अपिक्साबानने पक्षाघात अॅस्पिरिनच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाले आणि गंभीर रक्तस्रावाच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही. 'सौम्य म्हणून अॅस्पिरिन' हा सौदा त्यामुळे दोन्हीकडून तोट्याचा ठरतो.

### 'आजी पडली आणि डोक्यात रक्तस्राव झाला तर?'

भीती खरी आहे. ही औषधे घेताना रक्तस्रावाचा धोका वाढतोच, आणि पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडे कमकुवत असतील किंवा वेदनाशामक गोळ्या सतत चालू असतील तर तो आणखी वाढतो. पण पडण्याची भीती आणि प्रत्यक्ष आकडे यांच्यात मोठी तफावत आहे. १९९९ मध्ये काही संशोधकांनी गणिती अंदाज बांधला, तो असा की पडल्यामुळे होणाऱ्या रक्तस्रावाच्या भीतीने वॉरफॅरिन न देणे शहाणपणाचे ठरायचे असेल, तर त्या वृद्ध व्यक्तीने वर्षात सुमारे २९५ वेळा पडायला हवे. हा हिशेब आहे, रुग्णांवर केलेली चाचणी नव्हे, पण तो दिशा दाखवतो. ज्यांना गोळी खरोखरच सोसत नाही, त्यांच्यासाठी तारेच्या मार्गाने आत जाऊन ती कानासारखी पिशवी कायमची बुजवण्याची सोयही आता आहे.

### 'लय ताळ्यावर आली, मग गोळी बंद करू?'

कंप घालवण्याचे उपाय आहेत: औषधे, विजेचा नियंत्रित धक्का, आणि शिरांच्या तोंडाभोवतीची ऊती निकामी करून बंडखोर इशारे बाहेर येऊ न देणारी अब्लेशन ही प्रक्रिया. अनेकांना त्यांनी खूप बरे वाटते, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या युरोपीय चाचणीनुसार लय लवकर सुधारल्याचा फायदा लक्षणांपलीकडेही होतो. तरीही 'आता धडधडत नाही' हा गोळी थांबवण्याचा पुरावा होत नाही. २००२ च्या अमेरिकी चाचणीत ४,०६० रुग्ण होते. तिथे ज्यांना पक्षाघात झाला त्यांच्यातल्या बहुतेकांनी वॉरफॅरिन बंद केले होते किंवा त्याची मात्रा अपुरी पडत होती, मग त्यांची लय सुधारण्याचा प्रयत्न झालेला असो वा नसो. कंप न जाणवता परत येऊ शकतो, आणि कंपाने ताणलेले अलिंद लगेच पूर्वीसारखे होत नाही. अब्लेशननंतर दीर्घकाळ कंप न परतलेल्या निवडक रुग्णांत गोळी थांबवता येईल, असे अलीकडच्या चाचण्यांतून दिसू लागले आहे. पण तो निर्णय देखरेखीखाली घ्यायचा असतो, बरे वाटते म्हणून घरच्या घरी नाही.

### घड्याळाचा शब्द किती खरा?

घड्याळातला हिरवा दिवा त्वचेखालून जाणाऱ्या रक्ताची लाट मोजतो, म्हणजे यंत्राने नाडीवर ठेवलेले बोटच ते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅपलच्या अभ्यासात ४,१९,२९७ जण सहभागी होते आणि त्यांपैकी ०.५२ टक्क्यांना इशारा मिळाला. इशारा मिळालेल्यांपैकी ४५० जणांनी छातीवर लावायची, ठोक्यांची नोंद ठेवणारी पट्टी वापरून परत पाठवली, तेव्हा ३४ टक्क्यांत अलिंदकंप सापडला. हा आकडा कमी वाटतो, पण पट्टी काही दिवसांनंतर लावलेली होती आणि हा कंप येतो-जातो. पट्टी अंगावर असतानाच घड्याळानेही इशारा दिला, तेव्हा तो बहुतेक वेळा खरा निघाला. एवढ्यावरून निदान होत नाही. त्यासाठी कार्डिओग्रामवर कंप दिसावाच लागतो. उलट घड्याळ गप्प आहे म्हणून कंप नाही, असेही म्हणता येत नाही.

येणाऱ्या-जाणाऱ्या कंपाला गाठायचे तर पहारा लांबचा हवा, हे मेंदूविकारतज्ज्ञांना सर्वांत आधी पटले, कारण त्यांच्याकडे असे रुग्ण होते ज्यांच्या पक्षाघाताचे कारण सगळ्या तपासण्या करूनही सापडत नव्हते. २०१४ मध्ये अशा ४४१ रुग्णांपैकी निम्म्यांच्या छातीच्या त्वचेखाली लहानसे नोंदयंत्र बसवले. सहा महिन्यांत नोंदयंत्राने ८.९ टक्क्यांत कंप पकडला; नेहमीच्या तपासणीने १.४ टक्के.

### मग सगळ्यांनाच यंत्र का बसवू नये?

इथे गोष्ट अवघड होते. डेन्मार्कमध्ये ७० ते ९० वयाच्या, पक्षाघाताचा धोका असलेल्या सुमारे ६,००० लोकांवर हेच करून पाहिले गेले आणि निष्कर्ष २०२१ मध्ये आले. यंत्र बसवलेल्यांत ३१.८ टक्क्यांना कंप सापडला, इतरांत १२.२ टक्क्यांना. कंप सापडला की गोळी सुरू होत होती. तरीही पक्षाघाताचे प्रमाण ५.६ वरून ४.५ टक्क्यांवरच आले, आणि हा फरक योगायोगाने पडलेला असण्याची शक्यता संख्याशास्त्राला नाकारता आली नाही. खूप शोधले की खूप सापडते, पण जे सापडते ते सगळे सारख्याच धोक्याचे नसते.

दहा मिनिटांचा कंप आणि दहा महिन्यांचा कंप एक नव्हे. पेसमेकर असलेल्या लोकांत असे छोटे, न जाणवणारे कंप सर्रास दिसतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सर्वांत लांब झटका ६ मिनिटे ते २४ तासांचा असलेल्या ४,०१२ जणांना अपिक्साबान किंवा अॅस्पिरिन दिली गेली. पक्षाघात व तत्सम अडथळ्यांचे प्रमाण वर्षाला १.२४ वरून ०.७८ टक्क्यांवर आले. गंभीर रक्तस्रावाचे मात्र ०.९४ वरून १.७१ टक्क्यांवर गेले. दोन्ही आकडे लहान आणि जवळजवळ तुल्यबळ आहेत. म्हणून त्याच माहितीची पुन्हा फोड केली गेली, आणि ज्यांना पूर्वी पक्षाघात किंवा त्याची झलक देणारा लहान झटका येऊन गेला होता त्यांच्यात साडेतीन वर्षांत शंभरामागे सुमारे ७ जणांचा पक्षाघात गोळीने टळल्याचे दिसले. ज्यांना तसे काही झालेले नव्हते त्यांच्यात सुमारे एकाचा. घड्याळाने किंवा यंत्राने पकडलेला तोच सहा मिनिटांचा कंप एका कागदावर गोळी लिहायला लावतो आणि दुसऱ्या कागदावर 'रक्तदाब सांभाळा, सहा महिन्यांनी पुन्हा या' एवढेच, तो या फरकामुळे.